ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही

नमस्कार ताई,

दीड वर्षापूर्वी माझं दुसरं लग्न झालं. पहिल्या लग्नातला माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. तो आमच्याकडेच राहतो, एक आड एक शनिवार-रविवार त्याच्या बाबांकडे जातो. नवऱ्याची मुलगी १५ वर्षांची. ती १० वर्षांची असताना तिची आई आजाराने गेली. तिचा अभ्यास, तिची दुखणीखुपणी, परीक्षेच्या दिवसांत रात्री तिच्याबरोबर जागणं, मी सगळं मनापासून केलं. पण ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. 'अगं' नाही, 'अहो' नाही, 'मावशी' नाही. 'जेवायला बसायचं का', 'किल्ली कुठे ठेवलीय' असं हवेत बोलते.

गेल्या महिन्यात मी बाहेरच्या खोलीतल्या टेबलाचा खण आवरला. त्यात चष्म्याचं एक जुनं घर आणि कंगवा होता. बाकीच्या सटरफटर वस्तूंबरोबर मी ते खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. ते तिच्या आईचं आहे हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तिने खण उघडला आणि किंचाळली, "तू माझी आई नाहीस! तू हात का लावलास?" मी लगेच खोकं खाली काढलं, सगळं होतं तिथे ठेवलं. पण पुढचे नऊ दिवस तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नवरा म्हणतो, "तुमचं तुम्ही दोघी मिटवा, मला मध्ये ओढू नका." मोबाइल, पसारा, उशिरा येणं, सगळ्यावरून बोलायची वेळ माझ्यावर येते आणि वाईटही मीच होते. माझा मुलगा शहाणा आहे, कसलाही त्रास देत नाही. हल्ली फार गप्प असतो, एवढंच.

मी आणखी काय करायला हवं? कडक व्हावं का? तिने मला आई म्हणावं असं वाटणं चूक आहे का? आणि नवऱ्याचं म्हणणं आहे की तिच्या आईचा फोटो भिंतीवरून काढून आत ठेवावा, म्हणजे तिला सारखी आठवण येणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

– दमलेली

.

प्रिय मैत्रीण,

'मी आणखी काय करायला हवं' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आणखी काहीही करू नका. थोडं कमी करा. तुम्ही अंगावर घेतलेल्या कामातलं निम्मं काम तुमचं नाहीच, ते तुमच्या नवऱ्याचं आहे. ते त्यांच्या हातात परत गेल्याशिवाय या घरात तुम्हाला आणि तिला एकमेकींकडे नीट बघताच येणार नाही.

त्या खणापासून सुरुवात करू या.

तुम्ही कंगवा आणि चष्म्याचं घर उचललंत तेव्हा तुमच्या दृष्टीने तो पसारा होता. आता तिच्या बाजूने बघा. पाच वर्षं तो खण कुणी हलवला नव्हता. घराचा रंग बदलला असेल, पडदे बदलले असतील, बाबांच्या आयुष्यात नवीन माणूस आलं, एक मुलगा आला. सगळं बदलत असताना तेवढी वीतभर जागा मात्र आई ठेवून गेली होती तशीच होती. ती मुलगी येता-जाता तो खण उघडून बघत असेल. कंगव्यात कदाचित एखादा केसही अडकलेला असेल. तुमचा यात दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण ते सांगायचं काम कुणाचं होतं? ज्यांना ठाऊक होतं त्यांचं.

या प्रसंगात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. दीड वर्ष जी मुलगी तुमच्याशी 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही टाळून बोलत होती, तिने पहिल्यांदा तुम्हाला 'तू' म्हटलं ते त्या संध्याकाळी. मराठीत हवेत बोलायची सोय आहे, 'बसायचं का', 'ठेवायचं कुठे'. मुलं ती सोय किती कौशल्याने वापरतात हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. दिवसाला वीस वाक्यं बोलायची आणि एकातही समोरच्याला नाव द्यायचं नाही, याला केवढी जागरूकता लागते! ज्याला समोरचं माणूस नकोसं असतं, तो एवढे कष्ट घेत नाही, सरळ दार लावून बसतो. तुम्हाला काय म्हणायचं हा प्रश्न ती रोज सोडवू पाहते आहे आणि तो तिला सुटत नाहीये. त्या किंचाळण्यावरून मी फार मोठा निष्कर्ष काढणार नाही. पण त्यात नुसता तिरस्कार ऐकू नका, एवढं नक्की म्हणेन.

आपला 'सावत्र' हा शब्द सवतीच्या कुळातला. त्यात भांडण दोन बायकांचं आहे, मुलाचं दुःख त्या शब्दात कुठेच नाही. त्यात भर म्हणून कुठल्याही अन्यायाला आपण 'सापत्न वागणूक' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत या नात्यांना जो 'स्टेप' लागतो त्याचा पायरीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत तो शब्द ज्याचं कुणी हिरावलं गेलं आहे त्याच्यासाठी, पोरक्यासाठी होता. मला तो अर्थ जास्त खरा वाटतो. तुमच्या घरात दोन बायकांचं भांडण चाललेलं नाही. एका मुलीचं माणूस गेलं आहे, आणि तुमच्याशी गोड वागलं तर आपण त्या गेलेल्या माणसाला विसरलो असं होईल, ही भीती तिच्या मनात आहे. म्हणून तुम्ही जितकं जास्त कराल तितकी ती मागे सरकेल. वाईट सावत्र आईला नाकारणं सोपं असतं. परीक्षेच्या रात्री आपल्यासाठी जागणाऱ्या बाईला नाकारताना आतून किती ओढाताण होत असेल, बघा.

त्यात तिचं वय पंधरा. या वयात मुलं आईवडिलांपासून सुटी होऊ पाहतात, सख्ख्या घरातही. दार बंद, उत्तरं तुटक, सगळा जीव मैत्रिणींत. निसर्ग तिला घराबाहेर ढकलतोय आणि नेमकं त्याच वेळी मोठी माणसं म्हणताहेत, ये, आपण नवं घर मांडू. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे जमून जातं. पंधराव्या वर्षी ते प्रवाहाच्या उलट पोहण्यासारखं असतं. मेव्हिस हेदरिंग्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी जवळजवळ तीन दशकं घटस्फोट आणि पुनर्विवाह झालेल्या कुटुंबांचा माग ठेवला, सुमारे १४०० कुटुंबांचा. कुमारवयाच्या उंबरठ्यावर घरात सावत्र पालक येणं मुलांना सगळ्यात जड जातं, असं त्यांना दिसलं. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अशा घरांतल्या चारातल्या साधारण तीन मुलांचं पुढे ठीक चाललं होतं. म्हणजे हा काळ कठीण आहे, आणि तो जातो.

किती दिवसांत, असं तुम्ही मनात म्हणाला असाल. पॅट्रिशिया पेपरनाऊ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी चाळीसहून अधिक वर्षं सावत्र कुटुंबांबरोबर काम केलं आहे. त्यांच्या निरीक्षणात लवकर रुळलेल्या कुटुंबांनासुद्धा साधारण चार वर्षं लागली, आणि बऱ्याच जणांना सात. तुम्हाला दीड वर्ष झालं आहे. तुम्ही नापास झालेल्या नाही, तुमचा पेपर अजून पहिल्या पानावर आहे. हे वाचून पोटात गोळा येईल हे मला कळतं. पण दीड वर्षात सगळं जुळून यायला हवं होतं, या समजुतीनेच तुम्ही जास्त दमला आहात.

आता तुमच्या नवऱ्याकडे वळते. 'तुमचं तुम्ही दोघी मिटवा' हे वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. वरवर ते तटस्थ वाटतं. प्रत्यक्षात त्यांनी एका दुःखी मुलीला आणि एका नवख्या बाईला समोरासमोर उभं करून स्वतः खोली सोडली आहे. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी बायको गमावली, मुलीचं रडणं एकट्याने पाहिलं, आणि आता तिला काही बोललं तर ती आपल्यापासूनही तुटेल या धास्तीने ते गप्प बसत असावेत. पण त्यांच्या गप्प बसण्याची किंमत तुम्ही भरताय. आणि ती मुलगीही भरतेय, कारण तिला वडील अर्धेच मिळताहेत.

त्यांच्याशी बोला. भांडण झाल्या रात्री नको, एखाद्या शांत दिवशी, मुलं घरात नसताना. तक्रारीने सुरुवात केली तर ते पुन्हा खोली सोडतील. असं काहीसं म्हणा: "मला तिच्याशी चांगलं नातं हवंय. पण रोज तिला ओरडायचं काम माझ्याकडे असेल तर ते कधीच होणार नाही. नियम तुम्ही सांगा, मी ते पाळले जाताहेत का ते बघेन." मग मोबाइल रात्री किती वाजता बाहेर ठेवायचा, घरी किती वाजेपर्यंत यायचं, खोली किती आवरलेली हवी, हे दोघांनी आधी ठरवा आणि तुमच्या नवऱ्याने ते तिला एकट्याने सांगावं. तुमच्या देखत तिला लाज वाटेल, तुम्ही शेजारी बसलात तर दोघांनी मिळून कोर्ट भरवल्यासारखं होईल.

त्यानंतर ते घरात नसताना ती उशिरा आली तर तुमचं वाक्य एवढंच: "साडेनऊची वेळ बाबांनी ठरवली आहे. मी त्यांना सांगेन, मग तुम्ही दोघं बोला." आवाज चढवायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. 'पण तुला कळत कसं नाही' हे तर नाहीच नाही. यालाच काही जण दुबळेपणा म्हणतील. म्हणू देत. सावत्र पालकाने पहिल्या काही वर्षांत शिस्तीची काठी हातात घेतली की नातं बिघडतं, हे या विषयात काम करणारे बहुतेक सगळे सांगतात. म्हणून 'कडक व्हावं का' याचं उत्तर तुमच्यापुरतं नाही असं आहे. कडक वडिलांनी व्हायचं, प्रेमाने, पण ठाम.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट करायला हवी. आठवड्यातून दोन तास मुलीबरोबर एकट्याने. तुमच्याशिवाय, तुमच्या मुलाशिवाय. तुम्हाला हे टोचेल. दोघं हसत बाहेर पडतील आणि तुम्ही दारात उभ्या राहाल, तेव्हा आपण या घरात पाहुण्या आहोत असं वाटेल. ते वाटणं खरं आहे, ते दाबू नका, रात्री नवऱ्याला सांगा. पण तिचे वडील तुमच्या येण्याने हिरावले गेले नाहीत, हे तिला अनुभवातून कळेल तेव्हाच तुमच्यासाठी तिच्या मनात थोडी जागा मोकळी होईल. 'आपण चौघं मिळून' असा जो हट्ट नव्या कुटुंबांत असतो तो मला फारसा कामाचा वाटत नाही. जोड्या-जोड्यांनी नाती घट्ट होऊ द्या. चौघांचं आपोआप जमेल तेव्हा जमेल.

मग तुमचं आणि तिचं काय? छोटं, समोरासमोर न बसता होणारं काहीतरी. गाडीत शेजारी बसून, कपड्यांच्या घड्या घालता घालता, ती चित्र काढत असताना तुम्ही बाजूला तुमचं काम करत. या वयाच्या मुलांना डोळ्याला डोळा भिडवून 'बोल ना माझ्याशी' म्हटलं की ती आखडतात. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की बोलतात. तिने दोन वाक्यं बोलली तर दोनच घ्या, तिसरं खेचू नका.

'आई' म्हणण्याबद्दल. असं वाटणं चूक नाही. पण हे मागून मिळत नाही, आणि मागितलं की कायमचं अवघड होतं. तिला एकदा सहज सांगून टाका: "मला काय हाक मारायची हे तू ठरव. नावाने मार, मावशी म्हण, नाहीतर काही नको. मला राग येणार नाही. तुझी आई एकच आहे, मला तिच्या जागेवर यायचं नाहीये." शेवटचं वाक्य तुमच्या तोंडून स्पष्ट ऐकण्याची तिला गरज आहे. एकदाच सांगा, आणि मग विषय काढू नका.

इथे माझं स्वतःचं सांगते. मी तेरा वर्षांची असताना आमच्या घरी सावत्र वडील आले. मी त्यांना 'काका' म्हणायचे आणि तेही कमीत कमी. त्यांनी मला कधी मिठी मारायचा प्रयत्न केला नाही, कधी उपदेश केला नाही. पण मला शिकवणीहून यायला उशीर झाला की बाहेरचा दिवा लावलेला असायचा. मी चपला काढून आत आले की ते खुर्चीतून उठायचे, दिवा बंद करायचे आणि झोपायला जायचे. 'कुठे होतीस' हे आई विचारायची. असं सात-आठ वर्षं चाललं. मी २६ वर्षांची असताना माझं एक छोटं ऑपरेशन झालं, तेव्हा फॉर्मवर जवळच्या माणसाचं नाव लिहायचं होतं. मी त्यांचं लिहिलं, आणि पुढच्या 'नातं' या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबला. मग 'वडील' लिहिलं. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही, शेवटपर्यंत काकाच म्हणत राहिले. तुमच्याकडेही असंच होईल असं वचन मी देऊ शकत नाही. पण दार न ठोठावता दिवा लावून ठेवणं काय असतं, हे मी त्या बाजूने अनुभवलं आहे.

आता तुमचा मुलगा. खरं सांगू? तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. त्याला तुम्ही दीड ओळ दिली आहे. 'शहाणा आहे, त्रास देत नाही.' आईचा सगळा जीव दुसऱ्या मुलीकडे लागलेला आहे, घरात ताण आहे, अशा वेळी काही मुलं आपली गरज मिटवून टाकतात, म्हणजे आईला आणखी एक काळजी नको. त्यानेही घर बदललं आहे, कदाचित शाळा, मित्र बदलले आहेत. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना दर वेळी तो एका पालकाला सोडून येतो. रविवारी रात्री परत आला की तासभर त्याला त्याच्या कोपऱ्यात राहू द्या. 'तिकडे काय काय झालं' हे विचारू नका, त्याच्या बाबांना निरोप त्याच्यामार्फत पाठवू नका, आणि त्यांच्याबद्दल वाकडा शब्द त्याच्या कानावर पडू देऊ नका. जे मी तुमच्या नवऱ्याला सांगितलं तेच तुम्हालाही: आठवड्यात दोन तास फक्त त्याचे. त्या वेळात तिचा विषय काढायचा नाही.

दोन्ही मुलांच्या बाबतीत एक साधी गोष्ट पाळा. ती भावंडं म्हणून वाढलेली नाहीत. वयात येणारी दोन मुलं एका छताखाली आणली गेली आहेत. दोघांना स्वतःची जागा हवी, निदान स्वतःचं कुलूप लागणारं कपाट. खोलीत जाताना दार वाजवायचं, बाथरूमच्या वेळा ठरलेल्या, कपडे बदलताना आडोसा. हे नियम मोकळेपणाने, न लाजता सांगा. आणि 'बघ, तो कसा शहाण्यासारखा वागतो' हे वाक्य या घरात कुणीही उच्चारायचं नाही.

थोडं सावध राहायचं ते कुठे, तेही सांगते. रुसणं, दार आपटणं, उलट उत्तरं हे या वयाचं आणि या परिस्थितीचं आहे. पण झोप किंवा भूक आठवडेच्या आठवडे बिघडली, मैत्रिणी तुटल्या, आवडत्या गोष्टी सुटल्या, अंगावर जखमा दिसल्या किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा दोघांपैकी कुणीही केली, तर 'वय आहे' म्हणून सोडून देऊ नका. लगेच मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. दुसरीकडे, तुम्ही स्वतःही कुणाशी तरी बोला. एमिली आणि जॉन व्हिशर हे दांपत्य माझ्या डोळ्यासमोर येतं. ती मानसशास्त्रज्ञ, तो मनोविकारतज्ज्ञ, दोघांनाही आधीच्या लग्नाची चार-चार मुलं. एवढी विद्या घरात असूनही त्यांना आठ मुलांचं घर चालवणं जड गेलं, आणि १९७९ मध्ये त्यांनी अशा पालकांसाठी संघटनाच काढली, कारण हे एकट्याने झेपत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

राहिला फोटो. तो काढू नका, कृपा करून. फोटो काढला म्हणून आठवण जात नाही. घरात आईचं नाव काढायला बंदी आहे, एवढंच मुलीला कळतं. तिला विचारा, तिच्या वडिलांच्या देखत: "आईचा फोटो कुठे असावा असं तुला वाटतं?" ती म्हणेल तिथे लावा. भिंतीवरच म्हणाली तर भिंतीवर. आणि त्या खणाला यापुढे हात लावू नका, साफ करायलासुद्धा नाही. मात्र एखाद्या दिवशी ती तो उघडून उभी असेल आणि तुम्ही तिथून जात असाल, तर थांबून विचारायला हरकत नाही, "आईला चष्मा लांबचा होता की जवळचा?" तिने उत्तर दिलं तर ऐका. नाही दिलं तर आपल्या कामाला लागा.

तीन-चार महिन्यांनी मला पुन्हा लिहा. नवऱ्याशी बोलणं झालं का, आणि मुलाने काही सांगितलं का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

– तुमची ताई